सुलेखाचे पहिले सात क्लेम

सुलेखा बारलिंगेने वयाच्या बावन्नाव्या वर्षी पक्की नोकरी सोडली, तेव्हा अर्विंगमधल्या मराठी मंडळींनी तिला तोंडावर "वा, ग्रेट!" म्हटलं आणि गाडीत बसल्याबरोबर "हिला ही काय अवदसा आठवली?" असं एकमेकांना विचारलं. दोन्ही गोष्टी सुलेखाच्या कानावर आल्या. पहिलीने ती खूश झाली आणि दुसरीने जास्तच खूश झाली.

बाई मूळची नागपूरची. फिजिओथेरपी तिथेच शिकली, लग्न होऊन टेक्सासात आली, परीक्षा देऊन लायसन्स काढलं आणि एका मोठ्या रिहॅब कंपनीत बावीस वर्षं लोकांचे गुडघे वाकवले. हात मजबूत, आवाज त्याहून मजबूत. हळू चालणं तिला फक्त पेशंटबरोबर जमतं. एरवी ती दुकानातसुद्धा कोणीतरी मागे लागल्याप्रमाणे चालते.

नोकरी सोडण्याचं कारण विचाराल तर ते होते विष्णूकाका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कंबरेचं ऑपरेशन झालेले. कंपनीत एका वेळी तीन पेशंट बघायचे. एक सायकलवर, एकाच्या पायात रबराचा पट्टा, तिसऱ्याचा गुडघा सुलेखाच्या हातात. अशा गर्दीत तिने काकांना विचारलं, "तुम्हाला बरं होऊन काय करायचंय?" काका म्हणाले, "देवासमोर मांडी घालून बसायचंय. आणि मग कोणाचा हात न धरता उठायचंय." कंपनीच्या फॉर्ममध्ये खुर्चीवरून उठण्याचा रकाना होता, जमिनीवरून उठण्याचा नव्हता. वरच्या माणसाने सांगितलं, खुर्चीवरच आटपा. सुलेखाचं डोकं त्या दिवशी जे फिरलं ते फिरलंच. लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच देवघरासमोर, त्यांच्याच जिन्यावर त्यांना उभं करायचं, असं तिने ठरवलं. गाडीच्या डिकीत वजनं, पट्टे आणि घडीचं टेबल भरलं आणि बाई स्वतंत्र झाल्या.

आता इथे मेख होती. सुलेखाचे सगळे पेशंट पासष्टीच्या पुढचे, म्हणजे त्यांचा विमा सरकारचा, मेडिकेअर. आधी मेडिकेअरकडे आपलं नाव नोंदवून घ्यायचं, त्यातच चार महिने गेले. मग प्रत्येक पेशंटसाठी आपण काय काम केलं, किती मिनिटं केलं, कुठल्या दुखण्यासाठी केलं हे कॉम्प्युटरवर भरून पाठवायचं. याला क्लेम म्हणतात. बावीस वर्षं हे काम कंपनीतली फ्रंट डेस्कवरची बाई करायची. क्लेम जातो एवढंच सुलेखाला ठाऊक होतं. कसा जातो, ते कळून घ्यायची वेळ आलीच नव्हती. दुखण्याचे आकडे, कामाचे आकडे, आठ मिनिटांच्या आत काम झालं तर ते धरायचं नाही असले नियम, हे सगळं तिने पन्नाशीनंतर शाळकरी पोरीसारखं पाठ केलं. बिलिंगवाल्या कंपनीला काम देऊन टाक, असं तिचा नवरा राजेश सांगत होता. ती म्हणाली, "पहिले सात मी पाठवणार. बाकीचे मग कोणीही पाठवो."

सात म्हणजे तिचे सात पेशंट. दोन अमेरिकन, पाच मराठी.

सुलेखाच्या जुन्या रिहॅब कंपनीची मॅनेजर होती नीना. चौतीस वर्षांची, मराठी आईबापांची, पण जन्म ह्यूस्टनचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशच्या वाटेने येतं. सुलेखावर तिचा जीव होता. तिने सांगून ठेवलं होतं, "तुझी पोझिशन मी शुक्रवारी पाचपर्यंत होल्ड करते. आफ्टर दॅट दे विल हायर समवन एल्स. प्लीज, थिंक कर."

सुलेखाने विचार केला आणि स्वतःशीच पैज लावली. सातही क्लेम धडपणे गेले तर राहायचं. नाही गेले, तर ज्या बाईला सात कागद पाठवता येत नाहीत तिने स्वतंत्र होण्याच्या गप्पा मारू नयेत, सोमवारी मुकाट्याने कंपनीचा निळा शर्ट घालावा. तिने हे राजेशला सांगितलं. राजेश सॉफ्टवेअरचा माणूस. त्याने शुक्रवार पाचची वेळ लगेच तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली आणि पंधरा मिनिटं आधीचं रिमाइंडरही लावलं. सुलेखाला त्या रिमाइंडरचा फार राग आला.

सोमवारी सकाळी तिने आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि बोटाने बटण दाबलं. तिची लेक अनन्या कॉलेजला निघता निघता थांबली. "मॉम, दॅट्स नॉट हाऊ द क्लाउड वर्क्स."

"क्लाउडला नाही वाहिलं मी. मशीनला वाहिलंय," सुलेखा म्हणाली आणि आनंदाच्या भरात लेकीच्या कपाळालाही टिकलीएवढं कुंकू लावून मोकळी झाली.

बुधवारी सकाळी रिपोर्ट आला. दोन क्लेम स्वीकारले, पाच परत. परत येण्याचं कारण इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचा साधा अर्थ, या नंबराचा असा पेशंट आमच्याकडे नाही.

"नाही कसा?" सुलेखा लॅपटॉपवर ओरडली. "अरे बाप्पा, काल मी त्याचा गुडघा धरून आले की!"

राजेश चहाचा कप घेऊन आला, रिपोर्ट वाचला आणि शहाण्या नवऱ्यासारखा गप्प राहिला. ते गप्प राहणं तिला रिमाइंडरपेक्षा जास्त झोंबलं. अनन्याने मागून डोकावून पाहिलं. पेशंटची नावं घरात दाखवायची नसतात म्हणून सुलेखाने पटकन हात आडवा धरला, पण यादीत देशी किती आणि अमेरिकन किती, एवढं पोरीला तेवढ्यात कळलं. "वेट, सगळे देशीच रिजेक्ट झाले? मॉम, दॅट्स सो वियर्ड यार."

खरंच होतं. दोन्ही अमेरिकन पार, पाचही मराठी परत. सुलेखाला आधी नावांची शंका आली. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं नाही तर नवऱ्याचं. इथल्या कार्डावर त्याचं काय होईल सांगता येत नाही. तिने पाचही कार्डांचे फोटो काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. नावं बरोबर. नंबर बरोबर. मग उरलं काय? उरली जन्मतारीख. आणि मेडिकेअरच्या कार्डावर जन्मतारीख छापलेली नसते.

मग ती आपण आणली कुठून?

आणली होती तिच्या लाल डायरीतून. सुलेखाची जुनी सवय अशी, की पेशंटच्या वाढदिवसाला घरचे बेसनाचे लाडू घेऊन जायचं. म्हणून पहिल्या भेटीत ब्लडप्रेशर घेण्याआधी ती विचारणार, "तुमचा वाढदिवस कधी?" आणि डायरीत लिहिणार. पुढे कंपनी सुटली, फ्रंट डेस्कवरची बाई सुटली, आणि क्लेममध्ये जन्मतारखेचा रकाना आला तेव्हा बाईंनी बिनधास्त डायरी उघडून तारखा उतरवल्या. विष्णूकाकांनी तर तारीखसुद्धा सांगितली नव्हती. ते म्हणाले होते, "नागपंचमी." सुलेखाने इंटरनेटवर त्या सालचं पंचांग शोधून ऑगस्टमधली तारीख काढली होती, आणि तेव्हा स्वतःवर भलतीच खूश झाली होती.

ती आता ताडकन उठली आणि काकांना फोन लावला.

"काका, तुमच्या पासपोर्टवर जन्मतारीख काय आहे?"

"एक जून," काका म्हणाले.

"मग मला नागपंचमी का सांगितलीत?"

"तू वाढदिवस विचारलास, पोरी. एक जूनला माझा वाढदिवस नसतो. एक जून ही आमच्या गुरुजींची तारीख. जूनमध्ये शाळा भरायची, पोर वयात बसलं पाहिजे, म्हणून दिसेल त्या पोराला गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे. आमच्या अख्ख्या वर्गाचा जन्म एकाच दिवशी झालाय. बिचाऱ्या सुईणीचे काय हाल झाले असतील!"

सुलेखा इतकी हसली की काकांनी विचारलं, बरी आहेस ना? ती बरी होती. ती इतकी बरी कित्येक महिन्यांत नव्हती. सुलेखाच्या स्वतःच्या वडिलांची कागदावरची तारीखही एक जूनच; घरात सगळ्यांना ठाऊक, त्यावर विनोद होत. आणि तरीही हे तिच्या डोक्यात आलं नाही! माणसाला दोन जन्मतारखा असू शकतात हे अमेरिकन लोकांना माहीतच नाही, त्यामुळे ही चूक त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. ही खास आपली चूक होती.

तिने पुढचे फोन लावले. प्रतापराव म्हणाले, "ऑफिशियली ना? फर्स्ट जून, ऑफ कोर्स." पाटणकरांकडे तर नवरा आणि बायको दोघंही एक जून. "तुमची पत्रिका कशी जुळवली हो?" सुलेखाने विचारलं. पाटणकर म्हणाले, "पत्रिका खऱ्या तारखेवरून जुळवली. व्हिसा खोट्या तारखेवरून मिळाला. दोन्ही टिकलं."

राहिल्या शोभाकाकू. फोन वाजत राहिला. दुपारची झोप असणार. पण सुलेखाच्या अंगात आता वारं शिरलं होतं. गुरुजी सगळीकडचे सारखेच, असं म्हणत तिने काकूंच्या रकान्यातही एक जून टाकला आणि पाचही क्लेम पुन्हा पाठवून दिले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि इथे तर धंदाच गुडघ्यांचा.

शुक्रवारी सकाळी रिपोर्ट आला. चार स्वीकारले. काकूंचा परत.

शोभाकाकू शहात्तर वर्षांच्या. नवरा, अनिलकाका, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा यश सकाळी ऑफिसला जातो तो संध्याकाळी येतो. आठ महिन्यांपूर्वी गुडघा बदलला, तेव्हापासून काकू खालच्या स्टडीत सोफा-बेडवर झोपतात. त्यांची खोली वर, चौदा पायऱ्या चढून. ऑपरेशननंतर त्यांनी वरचा मजला पाहिलाच नव्हता. गेल्या मंगळवारी सहा पायऱ्या झाल्या होत्या.

सुलेखा दुपारी अडीचला त्यांच्या दारात उभी राहिली.

"काकू, तुमची कागदावरची जन्मतारीख कुठली?"

"कोजागिरीची गं. तुला सांगितली ना."

"ती खरी. कागदावरची?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "ते सगळं हे बघायचे. मी नुसती सही करायची. फाईल वर आहे, माझ्या कपाटात. लोखंडी पेटीच्या खाली."

"मी आणते," म्हणत सुलेखा जिन्याकडे धावली.

"थांब!" काकूंचा आवाज एकदम चढला. "माझं कपाट आहे ते. त्यांच्यानंतर कोणी हात लावलेला नाही. मी येते."

सुलेखाने घड्याळ पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. मग घड्याळ काढून पर्समध्येच टाकलं आणि काकूंच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधला.

"काय सांगितलंय? चढताना कुठला पाय आधी?"

"चांगला."

"चला तर."

पहिल्या सहा पायऱ्या ओळखीच्या होत्या. सातवीला काकू थांबल्या, कठडा घट्ट धरला, म्हणाल्या, "नको गं." सुलेखा म्हणाली, "नको तर नको. पण उभ्या राहिल्याच आहात तर एक श्वास घ्या." श्वास घेऊन झाल्यावर काकू आपणहून आठवी चढल्या. मग नववी. दहावीला घामाचा थेंब नाकावर आला आणि अकरावीला काकू मोठ्याने मोजायला लागल्या. सुलेखाही मोजायला लागली. चौदावीला दोघी इतक्या जोरात "चौदा!" ओरडल्या की शेजारचं कुत्रं भुंकलं.

काकू आपल्या पलंगावर बसल्या आणि चादरीवरून हात फिरवत राहिल्या. सुलेखाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. मग काकू उठल्या, कपाट उघडलं, पेटीखालून फाईल काढली. अनिलकाकांचं व्यवस्थित अक्षर. सिटिझनशिपच्या कागदावर तारीख होती अकरा मे.

"ही कुठली तारीख, काकू?"

"ही होय!" काकू कागदाकडे बघत राहिल्या. "ही आमच्या लग्नाची. पासपोर्ट काढताना माझा दाखला सापडेना, तेव्हा सासऱ्यांनी अॅफिडेव्हिट केलं. म्हणाले, या घरात आली तो दिवस लिहू, साल तेवढं मागे नेऊ. मग तेच चाललं. इथे आल्यावरही तेच."

"मग मला कोजागिरी का सांगितली?"

काकूंनी फाईल मिटली. "पन्नास वर्षांत माझे किती फॉर्म भरले असतील लोकांनी. सगळे कागदावरून उतरवून घ्यायचे. 'शोभा, तू जन्मलीस कधी?' असं मला कोणी विचारलंच नाही. तू विचारलंस. मग मी खरं सांगितलं."

सुलेखाने लॅपटॉप पलंगावर उघडला, अकरा मे टाकला आणि मेडिकेअरच्या यादीत नाव शोधलं. क्षणात उत्तर आलं. शोभाकाकू होत्या. नाव, नंबर, तारीख, सगळं जुळलं. तिने क्लेम पाठवला आणि लाल डायरीत कोजागिरीसमोर काकूंचं नाव होतं ते तसंच ठेवलं. क्लेम स्वीकारल्याचा रिपोर्ट यायला शनिवार उजाडणार होता, पैजेची वेळ तर आज पाचची. पण सुलेखाला आता रिपोर्टची गरज उरली नव्हती. हे काम आपलं आहे, आणि ते आपल्यालाच येतं, हे तिला पुरतं कळलं होतं.

पर्समध्ये राजेशचं रिमाइंडर किणकिणलं. काकूंना जरा पडू देऊन ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली आणि नीनाला फोन लावला.

"नीना, मी येत नाही गं. थँक यू. पोझिशन दे कोणाला तरी."

"ओ नो! ओके. आय मीन, काँग्रॅट्स! क्लेम्स गेले सगळे?"

"सहा गेले. सातवा आत्ता पाठवला, तोही जाईल."

"पण प्रॉब्लेम काय होता? बिलिंगवाले पण कधी कधी अडकतात. मला सांग, आय वाँट टु नो."

सुलेखाने कोणाचं नाव न घेता सगळं सांगितलं. गुरुजी सांगितले, जूनमधली शाळा सांगितली, एकाच दिवशी जन्मलेला अख्खा वर्ग सांगितला. नीना आधी खूप हसली. मग हसता हसता थांबली.

"सुलेखा."

"काय गं?"

"माय डॅड इज जून फर्स्ट."

"अगं बाई!"

"एव्हरी इयर आम्ही केक करतो. मी लहान असल्यापासून. लास्ट इयर मी ह्यूस्टनला सरप्राइज पार्टी केली, फॉर्टी पीपल. बाबा खूप हसत होते. आय थॉट..." नीनाचा आवाज बारीक झाला. "त्यांनी कधीच सांगितलं नाही. आणि मी कधी विचारलंच नाही."

"मग आता विचार."

"कॅन आय कॉल यू बॅक?"

"मला नको," सुलेखा म्हणाली. "बाबांना लाव."